फाटक्या सुराची डबी

आवाज स्वच्छ यावा म्हणून माणसाने गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत केवढ्या खटपटी केल्या आहेत! ग्रामोफोनची खरखर घालविली, रेडिओची घरघर घालविली, सिनेमागृहातल्या कर्ण्यांना माणसाच्या गळ्यासारखे बोलायला शिकविले. इंजिनिअरांच्या कित्येक पिढ्या या एकाच ध्येयामागे खपल्या. गायकाने जे गायिले तेच आणि तेवढेच ऐकणाऱ्याच्या कानी पडावे, मधल्या यंत्राने पदरचे काही घालू नये, हा त्यांचा धर्म. आणि एवढे सारे झाल्यावर याच विद्येच्या घरात एक असे कारटे जन्माला आले, की त्याला एकच काम ठाऊक. समोरून आलेला सरळ, स्वच्छ सूर घ्यायचा, त्याच्या चिंध्या करायच्या आणि पुढे पाठवून द्यायचा!

हे कारटे म्हणजे इलेक्ट्रिक गिटार वाजविणाऱ्यांच्या पायाशी पडलेली पत्र्याची एक डबी. डिस्टॉर्शन पेडल हे तिचे रूढ नाव. तिच्याच एका जुन्या जातीला ‘फझ’ म्हणतात. आकाराने शाळेच्या कंपासपेटीपेक्षा फारशी मोठी नाही. वर फिरवायची दोन-तीन बटणे आणि पायाने दाबायचा एक खटका. दुकानातून चांगली डबी आणायची तर काही हजार रुपये मोजावे लागतात. मी ती घरी करतो, केलेली उघडतो, उघडलेली बदलतो आणि पुन्हा वाजवून पाहतो. आमच्या घरात या उद्योगाविषयी एकच प्रश्न वारंवार विचारला जातो : “धडधाकट आवाज बिघडवायला एवढी मेहनत?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणूनच हा लेख.

शिखराचे पठार

इलेक्ट्रिक गिटारीच्या तारा पोलादी असतात. त्यांच्याखाली लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेची हजारो वेढ्यांची गुंडाळी. तार थरथरली की गुंडाळीत इवलासा विद्युत्प्रवाह उठतो. तो वायरीतून अ‍ॅम्प्लिफायरकडे जातो, तिथे बळावतो आणि स्पीकरमधून आवाज होऊन बाहेर पडतो. आपली डबी बसते ती गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मधोमध. दोन्ही हात वाद्यात गुंतलेले, म्हणून खटका पायाकडे. संगीत नाटकांच्या काळी ऑर्गनवाले पायाने भाता हलवीत आणि हाताने साथ करीत, त्यातलाच हा प्रकार.

आता डबीच्या आत काय होते ते पाहा. तारेच्या थरथरीचे चित्र काढले तर ती एक लाट दिसेल. वर शिखर, खाली दरी, पुन्हा शिखर. डबी ही लाट इतकी फुगविते, की ती डबीत मावत नाही. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात नऊ व्होल्टपेक्षा उंच लाट मावणार कशी? मग शिखरांचे माथे कापले जातात. पाचगणीचे टेबल लँड ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे चटकन समजेल. डोंगर चढत चढत वर जातो आणि एकाएकी माथा सपाट!

सपाट माथ्याला कडा येतात, आणि खरी गंमत या कडांत आहे. गोलाईदार लाटेत एकच स्वर असतो. कडा आल्या की तिच्यात वरचे स्वर उमटतात. गिटारीची ‘ए’ ही मोकळी तार सेकंदाला ११० वेळा थरथरते. तिला षड्ज मानू. लाटेचे वरचे आणि खालचे माथे सारखेच कापले, तर तिप्पट म्हणजे ३३०, पाचपट म्हणजे ५५० अशा कंपनांची भर पडते. संगीताच्या भाषेत ३३० हा तारसप्तकातला पंचम आणि ५५० हा त्याच्याही वरच्या सप्तकातला शुद्ध गंधार. एका बाजूचे माथे अधिक आणि दुसऱ्या बाजूचे कमी कापले, तर २२० आणि ४४० हे वरचे षड्जही जोरात बोलू लागतात. हे स्वर तारेत मुळातच थोडेथोडे दडलेले असतात. डबी त्यांना हाताला धरून पुढे आणते आणि त्यात आपली भर घालते.

दुसरा परिणाम टिकण्याचा. गिटारीचा स्वर छेडल्याबरोबर विरू लागतो. सारंगीसारखा तो लांबविता येत नाही. परंतु लाटेचे माथे कापलेलेच असले, तर मूळ लाट थोडी लहान झाली तरी पठाराची उंची तेवढीच राहते. म्हणून स्वर कितीतरी वेळ एकाच जोराने उभा राहतो, आणि तंतुवाद्य गळ्यासारखे गाऊ लागते.

तिसरा परिणाम सर्वांत गमतीचा. डबीतून दोन स्वर एकदम पाठविले, तर ते एकमेकांत मिसळून त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वर निघतात. षड्ज ११० आणि पंचम १६५ घ्या. वजाबाकी ५५. म्हणजे खालच्या सप्तकातला षड्जच! कोणी न वाजविता तो आपोआप खाली येऊन बसतो आणि साऱ्या नादाला पाया देतो. रॉक संगीतात षड्ज-पंचमाची जोडी एवढी का वाजते याचे एक मोठे कारण हे. उलट तीन-चार स्वरांचा भरगच्च मेळ डबीतून पाठविला, तर बेरजा-वजाबाक्यांचा असा काही गोंधळ उडतो, की कानांवर हात ठेवावेत.

बिघाडाची वंशावळ

ही विद्या कोणी प्रयोगशाळेत बसून शोधून काढली नाही. ती अपघातांतून आली. १९५१ साली अमेरिकेतल्या मेंफिस शहरी ‘रॉकेट ८८’ हे गाणे ध्वनिमुद्रित झाले. गिटारवादक विली किझार्टचा अ‍ॅम्प्लिफायर प्रवासात जखमी झाला होता. ध्वनिमुद्रण करणाऱ्या सॅम फिलिप्सने स्पीकरच्या फाटक्या पडद्यामागे कागद कोंबला आणि त्या भुरभुरणाऱ्या आवाजातच गाणे उरकले. ते गाजले. १९५८ मध्ये लिंक रे याने स्पीकरच्या पडद्याला पेन्सिलीने मुद्दाम भोके पाडली आणि ‘रंबल’ नावाची धून वाजविली. तिच्यात शब्द एकही नाही. तरी तिच्या नुसत्या आवाजाने पोरे बिघडतील म्हणून अमेरिकेतल्या काही रेडिओ केंद्रांनी ती लावण्याचे नाकारले. १९६४ मध्ये लंडनच्या ‘किंक्स’ या वाद्यवृंदातला सतरा वर्षांचा डेव्ह डेव्हिस याने स्पीकरचा पडदा दाढीच्या पात्याने चिरला, आणि त्या चिरफाडीतून ‘यू रिअली गॉट मी’ हे गाणे निघाले.

परंतु डबीचा खरा जन्म नॅशव्हिलचा. मार्टी रॉबिन्सचे ‘डोंट वरी’ हे गाणे ध्वनिमुद्रित होत असताना मिश्रणयंत्रातला एक ट्रान्स्फॉर्मर बिघडला आणि ग्रेडी मार्टिनच्या वाद्याचा सूर भलताच घरघरू लागला. तो तुकडा तसाच ठेवला. १९६१ साली गाणे लोकप्रिय झाले आणि इतर गायक-वादक तोच आवाज मागू लागले. बिघडलेला भाग पुढे पुरताच निकामी झाला, तेव्हा ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकाने ट्रान्झिस्टर वापरून तो बिघाड नव्याने रचला. एखादी वस्तू दुरुस्त करायला माणसे डोके लढवितात. याने बिघाड जसाच्या तसा परत मिळविण्यासाठी लढविले! गिब्सन कंपनीने ती रचना घेऊन १९६२ मध्ये ‘मॅस्ट्रो फझ-टोन’ ही डबी बाजारात आणली. आत तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि तीन व्होल्टची वीज. गिटारीतून ट्रंपेट-ट्रॉम्बोनचे आवाज काढा, अशी तिची जाहिरात होती, पण गिऱ्हाईक तिच्याकडे फारसे फिरकेना. मग १९६५ मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’च्या कीथ रिचर्ड्सने ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्यात ती वापरली. त्याच्या मनात तो तुकडा पुढे फुंकवाद्यांकडून वाजवून घ्यायचा होता. डबीचा आवाज नुसती खूण म्हणून ठेवलेला. ती खूणच गाण्याचे कुंकू ठरली आणि वर्षअखेर दुकानांतल्या डब्या संपल्या.

१९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीने ‘फझ फेस’ काढला. मायक्रोफोनच्या स्टँडच्या गोल बैठकीवरून त्याचा आकार सुचलेला. दोन बटणे म्हणजे डोळे आणि खाली हसरे तोंड. जिमी हेंड्रिक्सच्या पायाखाली जाऊन तो जगभर गेला. घरी डबी करू पाहणाऱ्याने आरंभ करावा तो याच फझ फेसपासून, कारण इतक्या थोड्या सामानात एवढा मोठा आवाज देणारे दुसरे यंत्र मला माहीत नाही.

अकरा वस्तूंचा संसार

फझ फेसचे सामान सांगतो. दोन ट्रान्झिस्टर; चार रेझिस्टर, ३३ किलो-ओहम, ८.२ किलो-ओहम, १०० किलो-ओहम आणि ४७० ओहम असे. तीन कंडेन्सर, २.२, २० आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे, आणि दोन फिरते कंट्रोल, एक १ किलो-ओहमचा फझसाठी, दुसरा ५०० किलो-ओहमचा आवाज लहानमोठा करण्यासाठी. झाल्या अकरा वस्तू! शिवाय गिटारीच्या वायरीसाठी दोन सॉकेटे, पायाचा खटका आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. हे सारे मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळते. त्या रस्त्याचे नाव डॉ. भडकमकर मार्ग झाले तरी सामान घेणारे अजून जुनेच नाव सांगतात. पुण्यात बुधवार पेठेकडे आणि तपकीर गल्लीकडे चक्कर टाकावी.

भोके पाडलेली, तांब्याचे ठिपके असलेली पट्टी घ्यावयाची, तिच्यात भागांचे पाय ओवावयाचे आणि मागून डाख द्यावयाचा. डाख देताना भाग आणि तांबे दोन्ही आधी तापले पाहिजेत. मग सोल्डर तुपासारखे पसरते आणि थंड झाल्यावर चकाकते. नुसता कथिलाचा गोळा वर ठेवला तर तो आज चिकटतो आणि परवा सुटतो. राळेचा धूर नाकात जाऊ नये म्हणून खिडकी उघडी ठेवावी आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण सोल्डरमध्ये बहुधा शिसे असते.

डबी पत्र्याचीच का? प्लॅस्टिकच्या साबणदाणीत बसविली तर चालणार नाही का? वाजेल, पण घराच्या भिंतींतून खेळणाऱ्या विजेची पन्नास कंपनांची गुणगुण तिच्यात शिरेल आणि डबी ती हजार पटींनी फुगवून ऐकवील. धातूची डबी जमिनीच्या वायरीला जोडली की ती गुणगुण बाहेरच्या बाहेर अडते. आतल्या वायरी लांब ठेवल्या तर कधी कधी मध्यम लहरींवरचे रेडिओ केंद्रही गिटारीतून बोलू लागते; ट्रान्झिस्टर रेडिओचे आपले जुने काम विसरलेला नसतो.

एक गोष्ट आई-वडिलांनी ध्यानात ठेवावी. नऊ व्होल्टच्या बॅटरीशी खेळणाऱ्या मुलाला धक्का बसत नाही. परंतु व्हॉल्व्हचा जुना अ‍ॅम्प्लिफायर किंवा जुना मोठा रेडिओ हे प्रकरण निराळे. त्याच्या पोटात तीनशे-चारशे व्होल्ट असतात आणि प्लग काढून ठेवल्यावरही ते कंडेन्सरमध्ये दबा धरून बसतात. तिथे जाणत्याशिवाय हात घालू नये.

उन्हाळ्यात रुसणारा धातू

ट्रान्झिस्टर दोन धातूंचे मिळतात असे म्हणू या. शास्त्रज्ञ त्यांना अर्धवाहक म्हणतील. एक जर्मेनियम, दुसरा सिलिकॉन. १९४७ साली अमेरिकेत पहिला ट्रान्झिस्टर झाला तो जर्मेनियमचा. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६०च्या दशकात जर्मेनियमचे भाग तयार करावयास घेतले. त्या जमान्यातल्या खिशातल्या रेडिओंत ते असत. पुढे सिलिकॉन स्वस्त झाला, टिकाऊ ठरला आणि जर्मेनियम मागे पडला.

फझ फेस पहिल्यांदा निघाला तो जर्मेनियमवर. त्याचा आवाज गोलसर, दाट. गिटारीवरचे आवाजाचे बटण थोडे खाली आणले की तो लगेच शहाण्या मुलासारखा स्वच्छ होतो. पण स्वभाव लहरी. एकाच कारखान्याचे, एकाच नंबराचे दोन ट्रान्झिस्टर घ्या. एक सत्तर पटींनी वाढवील, दुसरा दीडशे पटींनी. म्हणून त्या काळच्या दोन फझ फेसांचा आवाज एकसारखा नसे, आणि वादक चार डब्या वाजवून पाचवी निवडीत. दुसरे म्हणजे उष्णता. जर्मेनियममधून नको असलेला प्रवाह झिरपतो आणि हवा तापली की हे झिरपणे वाढते. लंडनच्या थंडीत सुरेल वाजणारी डबी आपल्या वैशाखात दुपारी दोन वाजता घशात घास अडकल्यासारखी बोलते. यावर उपाय असा, की ८.२ किलो-ओहमच्या जागी पेचकसाने फिरविता येणारा प्रीसेट बसवायचा आणि दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साडेचार व्होल्टच्या आसपास येईतो फिरवायचा. ऋतुमानाप्रमाणे पुन्हा थोडा फिरवायचा. लोणच्याची बरणी पावसाळ्यात जपतो तसेच हे. एवढी उठाठेव नको असेल त्याने सिलिकॉनचा बीसी ५४७ घ्यावा आणि बॅटरीच्या जोडण्या उलट कराव्यात. तो अगदी स्वस्त मिळतो, ऊन-पावसाची पर्वा करीत नाही. आवाज मात्र अधिक तीक्ष्ण.

आमच्या वरच्या मजल्यावर बारावीत शिकणारी एक मुलगी आहे. गिटार वाजविते. डबी विकत हवी म्हणून घरी हट्ट चालला होता आणि परीक्षेचे वर्ष म्हणून नकारही ठाम होता. एका रविवारी ती माझ्या टेबलाशी येऊन बसली. मी तिच्या हाती मल्टिमीटर दिला. तासाभराने तिची आई शोधत आली. “काका, हिचं बारावीचं वर्ष आहे. हे वेड आम्हांला परवडायचं नाही,” त्या दारातूनच म्हणाल्या. मुलगी मान वर न करता म्हणाली, “आई, एक मिनिट. साडेचार व्होल्ट येऊ दे.” “साडेचारच का?” आईंनी विचारले. मग मुलीने सांगितले. बॅटरी नऊची, लाट वरही जाणार आणि खालीही, पाळणा मध्यावर टांगला तर दोन्हीकडे झुलेल, एका भिंतीशी टांगला तर तिच्यावरच आदळेल. मग रेझिस्टर मोठा केला तर व्होल्ट किती पडतील ते कागदावर करून दाखविले. ओहमचा नियम पुस्तकात पाठ केलेलाच होता. त्या दिवशी तो तिच्या बोटाखाली हालला. आई काही बोलल्या नाहीत, मुलीला घेऊन वर गेल्या. पुढच्या रविवारी मुलगी चकलीचा रिकामा डबा घेऊन हजर. “आईने दिलाय. म्हणाली, पत्रा चांगला आहे.”

एकेक भाग बदलून पाहावा

डबी वाजली म्हणजे काम संपले असे नाही. खरी चटक लागते ती त्यानंतर. फझ फेसच्या तोंडाशी २.२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आहे. तो काढून ०.१चा लावा. खर्जाची गर्दी ओसरते आणि आवाज चिंचोळा, मोकळा होतो. शेवटचा ०.०१ काढून ०.१ लावा, आता खर्ज भरभरून येतो. दोन्ही बदल काही रुपयांचे आणि पाच मिनिटांचे.

दुसऱ्या जातीच्या डब्यांत शिखरे कापण्याचे काम ट्रान्झिस्टर करीत नाही, डायोड करतात. जपानमध्ये १९७९ साली निघालेली ‘ट्यूब स्क्रीमर’ ही त्या घराण्यातली प्रसिद्ध डबी. तिच्यात ४५५८ नावाची आठ पायांची चिप असते, जी आपल्याकडे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही कारागिराच्या खणात सापडेल. चिपेच्या फेऱ्यात दोन डायोड उलटसुलट जोडलेले. जर्मेनियमचा डायोड ०.३ व्होल्टच्या सुमारास वाट देतो, सिलिकॉनचा ०.६च्या सुमारास, आणि तांबडा एलईडी, म्हणजे आपल्या दिवाळीच्या माळेतला दिवा, पावणेदोनच्या आसपास. वाट जितकी लवकर उघडेल तितके पठार खाली. म्हणून जर्मेनियम लावला की आवाज दबलेला आणि गच्च. एलईडी लावला की मोठा आणि खुला. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन डायोड लावून पाहा. दोन्हीकडची काटछाट असमान झाली की मघा सांगितलेले वरचे षड्ज डोके वर काढतात. शिवाय या डबीत लाट कापण्याआधी सुमारे ७२० कंपनांच्या खालचा भाग कमी फुगविला जातो. खर्ज जास्त फुगवून कापला तर चिखल होतो, हे ओळखून केलेली ही योजना. तिथला एक कंडेन्सर मोठा केला की खर्ज परत येतो, आणि चिखल किती चालेल हे ज्याने त्याने ठरवायचे.

हे सारे कानाने ठरते. एका वेळी एकच भाग बदलावा, आधीचा आणि नंतरचा आवाज लागोपाठ ऐकावा आणि वहीत टिपून ठेवावा. असे वर्षभर केले म्हणजे एरवी नुसता ‘गोंगाट’ वाटणाऱ्या आवाजात पाच-सहा निरनिराळे आवाज दिसू लागतात.

घरगुती खटपटीची परंपरा थोर आहे. ‘क्वीन’ या वाद्यवृंदातला ब्रायन मे याने १९६३ पासून लंडनच्या आपल्या घरी वडिलांबरोबर एक गिटार घडविली. दांडा जुन्या शेकोटीच्या फळीचा, स्प्रिंगा मोटारसायकलच्या, दांड्यावरच्या खुणा आईच्या शिंपल्याच्या गुंड्यांच्या. जगभर त्याने तीच वाजविली. त्याच वाद्यवृंदातल्या जॉन डीकनने कचऱ्यात सापडलेल्या सर्किटाचा एक चिमुकला अ‍ॅम्प्लिफायर केला, जर्मेनियमचा आणि नऊ व्होल्टचा. तो ‘क्वीन’च्या ध्वनिमुद्रिकांतून ऐकू येतो. आणि त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी? १९५०च्या दशकात तो शाळेला आला तो थेट आपल्या पाचगणीत, त्या सपाट माथ्याच्या डोंगराखाली.

आत्याची तपासणी

माझी आत्या शास्त्रीय संगीत शिकलेली. तिच्याकडे मिरजेचा तंबोरा आहे. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात मिरजेत तंतुवाद्ये घडवावयास घेतली. तिथल्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. एकदा ती आमच्याकडे राहायला आली असता मी डबी वाजवीत होतो. आता आपली हजेरी घेतली जाणार म्हणून मी खटका बंद करू लागलो, तर ती म्हणाली, “अरे, थांब. परत वाजव. एकच तार.”

मी वाजविली. ती डोळे मिटून ऐकत होती.

“जवारी फार झालीय,” ती म्हणाली. “दोरा जरा मागे घे.”

मी फझचे बटण थोडे मागे घेतले. “अजून थोडा. हं, आता बघ. गंधार ऐकू येतोय की नाही?”

“आत्या, तुला हा आवाज फाटका नाही वाटत?”

“तंबोऱ्याचा तरी कुठे गुळगुळीत असतो? घोडीवर तार नुसती टेकली तर मुकी होते. तिला घासायला जागा द्यावी लागते, तेव्हा ती बोलते. किती घासायचं, तेवढंच शिकायचं असतं.”

मी कागदावर ३३० आणि ५५० असे आकडे मांडून जे समजून घेतले होते, ते तिने दोऱ्याच्या हालचालीने सांगून टाकले. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा किंचित उतरता असतो. तार त्याला निसटती शिवत राहते, दोरा ती शिवण्याची जागा नेमकी करतो, आणि त्या स्पर्शातून वरचे स्वर उमलतात. कोणी न छेडलेला तो स्वयंभू गंधार त्यातूनच येतो. डबीत काम ट्रान्झिस्टर करतो, तंबोऱ्यात घोडी. रीत वेगळी, पण दोन्हीकडे तारेच्या सरळ चालीला थोडे अडवून तिच्या पोटातले बाहेर काढावयाचे असते. अडविणे बेताचे झाले तर नाद, बेताबाहेर गेले तर कलकलाट. “धडधाकट आवाज कशाला बिघडवायचा?” या आमच्या घरच्या प्रश्नाला माझ्या अकरा वस्तूंनी जे उत्तर दिले नव्हते, ते आत्याने दिले. आमच्याकडे तो प्रश्न अजून विचारला जातो, पण आता विचारणारा आधी थोडे ऐकून घेतो.

माळ्यावरचा रेडिओ

आजकाल घरात येणारी यंत्रे बंद कवचाची असतात. मोबाइल उघडायला स्क्रू नाही, आणि उघडला तरी आत डोळ्यांना काही कळत नाही. बिघडले की नवे आणावयाचे. अशा दिवसांत अकरा वस्तूंची एक डबी, जिचा प्रत्येक भाग बोटाने दाखविता येतो, प्रत्येकाचे काम कानाने ओळखता येते आणि बदलले तर काय होईल ते आधी सांगता येते, ही मला मोठी चैन वाटते. तिच्यातून उत्तम वादक होईलच असे नाही. पण हातातली वस्तू अशी का वागते हे विचारण्याची सवय मुलाला लागते, आणि तिला मार्कांत मोजता येत नाही.

तेव्हा वाचकहो, यंदा दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरून आजोबांचा खिशातला ट्रान्झिस्टर रेडिओ निघाला, तर तो लगेच भंगारवाल्याच्या तागडीत टाकू नका. बॅटरीवरचाच आहे एवढी खात्री करून घ्या आणि घरातल्या एखाद्या उनाड कार्ट्याच्या हाती पेचकस द्या. आत धूळ असेल, गंज असेल. नशीब असेल तर धातूची टोपी घातलेले एसी १२८ या नावाचे दोन-चार जर्मेनियमचे ट्रान्झिस्टरही असतील. त्यांनी एके काळी तुमच्या घराला बातम्या ऐकविल्या, नाट्यसंगीत ऐकविले. चकलीच्या डब्यात बसवून नऊ व्होल्ट दिले तर ते आणखी एकदा गातील. आवाज थोडा फाटका येईल, पण त्यातला गंधार शोधून पाहा.